डोळे मिटलेली गाडी

आमच्या घरी दिवेलागणीला पडदा चालत नाही. टीव्ही असो, मोबाईल असो, की नातीचा तो शर्यतीचा खेळ असो. देवापुढे दिवा लागला की घरातली प्रत्येक उजळ काच विझली पाहिजे, झोपलेल्याने उठून बसले पाहिजे आणि बसलेल्याने हात जोडले पाहिजेत. सासऱ्यांच्या काळी हा नियम रेडिओपुरता होता. मी तो पुढे टीव्हीला लावला आणि मोबाईल आले तेव्हा त्यांनाही लावला. शिरपूरच्या रस्त्यालगत मळ्यात आमचे घर आहे. त्या वेळी दारात आलेला पाहुणाही यातून सुटत नाही. विम्याचे एक साहेब बोलत बोलत मोबाईल दाखवू लागले, तेव्हा मी त्यांना तो खिशात ठेवायला लावला आणि शुभंकरोति होईपर्यंत उभे केले. त्यांना ते पाठ होते, हे विशेष.

गेल्या हिवाळ्यात या नियमामुळे जे घडले, ते सांगते.

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत ह्यांना, म्हणजे संस्कृतीच्या आजोबांना, लकवा झाला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि त्याहून वाईट म्हणजे शब्दांची घडी विसकटली. मनात एक शब्द असायचा आणि ओठांवर भलताच यायचा. पाणी हवे असले की तोंडातून 'खुर्ची' निघे. शेजारच्या लिलाबाई भेटायला आल्या, तेव्हा त्यांना 'बसा' म्हणायचे होते, ते 'जा' असे म्हणून गेले. लिलाबाई समजूतदार, त्या हसून बसल्या. पण ह्यांनी त्या दिवसापासून बोलणेच सोडले.

वाशीमहून व्यायाम करवून घ्यायला एक मॅडम येत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं, आजी. हात रोज फिरला पाहिजे. बोलणंही. ते स्वतःहून करायला लागले पाहिजेत." त्यांनी एक रबरी चेंडू दिला होता. मी समोर बसून सांगायची, "दाबा," आणि हे भिंतीकडे तोंड करून एकदा दाबायचे आणि चेंडू गादीवर सोडून द्यायचे. माझ्या शब्दावर मळ्यातल्या बाया भर उन्हात कोथिंबिरीच्या जुड्या बांधतात, मुलगा अंकुर अजूनही मला विचारल्याशिवाय बियाणे बदलत नाही. ह्यांचा हात मात्र माझ्या शब्दाला दाद देईना.

संस्कृती ही अंकुरची मुलगी, तेव्हा बारावीला. दहावीचा निकाल चांगला लागला म्हणून बापाने तिला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आणून दिला होता. टेबलाला घट्ट बसवायचे खरे वाटावे असे स्टिअरिंग, खाली पायाने दाबायची पेडले, आणि समोर टीव्हीवर डोंगरातून धावणारे रस्ते. एका दुपारी मी मळ्यातून आले, तर ह्यांना खुर्चीत बसवून, कमरेला उशी लावून, पोरीने ह्यांचे दोन्ही हात त्या चाकावर ठेवलेले.

"हे काय करून राह्यली तू?"

"आजी, मॅडमनं हात गोल फिरवाले सांगतलं ना? मंग हे गोलच हाय."

"खेळानं मानूस बरा होते काय?"

"चेंडूनं तं झाला नाही."

इतके उलट बोलणे मी कोणाचे ऐकून घेत नाही. पण तेवढ्यात समोरच्या पडद्यावर एक लाल गाडी वळणावर भिंतीकडे जाऊ लागली, आणि ह्यांचा उजवा हात, जो मी हजारदा सांगूनही हलत नव्हता, तो चाकाबरोबर घसरत का होईना, पण वर गेला. गाडी भिंतीवर आदळलीच. हे हसले. आजारपणानंतरचे ते पहिले हसणे. मी पदर खोचून स्वयंपाकघरात निघून गेले.

पुढे तो रोजचाच क्रम झाला. पोरीने खेळात अशी सोय करून दिली होती की पेडल न दाबता गाडी आपोआप पुढे जाई आणि ह्यांनी फक्त चाक सांभाळायचे. हे भिंतींना धडकत, खड्ड्यात जात, उलटे होत; पण हात फिरत होता. मॅडमनी मनगट पाहिले आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी मनातल्या मनात पोरीचा तो उलट शब्द माफ केला.

मग एक दिवस ह्यांनी चाक सोडले. संस्कृती गाड्यांचे दालन दाखवत होती. एकामागून एक चकचकीत गाड्या पुढे येत होत्या, आणि हे प्रत्येकीला मान हलवून नकार देत होते. शेवटी कष्टाने एक शब्द आला.

"डोळे."

पोरगी घाबरली. "डोळे दुखून राह्यले काय, आबाजी? पडदा पाहून?"

सून तनुजा डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन धावत आली. अंकुरने वाशीमला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावायला फोन काढला. ह्यांनी थेंबांची बाटली डाव्या हाताने दूर सारली. चेहरा लाल झाला. "मि... मिट... गाडी," एवढे बोलले आणि पुढचा शब्द सापडेना म्हणून डोळे गच्च मिटून घेतले, मग एकदम उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले.

मी दारात शेपू निवडत बसले होते. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

"थांबा सारे," मी म्हणाले. "त्यायले डोळ्याचं काही नाही झालं. ते त्या गाडीचं सांगून राह्यले."

"कोनत्या?"

"जी आपल्या वावरात फसली होती."

ती गोष्ट घरात मी कधी कोणाला सांगितली नव्हती, कारण तिच्यात माझे नाव येते.

लग्नानंतरचा आमचा तो पहिला पोळा. मुंबईचे एक सेठ अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला शिरपूरला निघाले होते. त्यांच्या मुलाने अमेरिकेहून जहाजाने गाडी आणली होती. पिकलेल्या जांभळाचा रंग, लांबच लांब नाक, आणि तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक काळी जाळी. तिला दिवे कुठेच दिसत नव्हते. डोळे मिटून बसलेल्या जनावरासारखी ती वाटे. समोरून शिंगे रंगवलेले, झुली घातलेले बैल मिरवत येत होते. त्यांना वाट द्यायला ड्रायव्हरने गाडी रस्त्याखाली घेतली आणि पावसाने भिजलेल्या आमच्या काळ्या रानात ती चाके बुडेपर्यंत रुतली.

सेठ हात जोडून सासऱ्यांकडे आले. एक बैलजोडी द्या म्हणाले. मामंजींनी त्यांना बसायला घोंगडी टाकली, पाणी दिले, आणि सांगितले, "आज पोळा हाय, सेठजी. आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवाचं नाही. तुमी देवाले चालले, तुमाले हे समजन."

सेठांना समजले. ते मान खाली घालून उठू लागले, तेव्हा मामंजी म्हणाले, "बसा ना. बैल नाही, तं मानसं जुंपू."

विहिरीवरचा मोटेचा नाडा आणला. मागून रेटायला ड्रायव्हर आणि मळ्यातली माणसे लागली. चाक धरायला आत कोणीतरी हलके माणूस हवे होते. मामंजींनी मुलाकडे पाहिले. "जानराव, तू बस आत. तुह्यानं वढनं होत नाही." मग ते घराच्या दाराकडे वळले, जिथे आम्ही बाया डोक्यावर पदर घेऊन उभ्या होतो. "सूनबाई, तू दोरावर ये. तुले मी विहिरीवर पाह्यलं हाय."

नव्या सुनेला भर रस्त्यात दोराला बोलावणे त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मी पदर कमरेला खोचला आणि नाडा खांद्यावर घेतला. दोराच्या सर्वांत पुढे मी होते. एकदा मागे वळून पाहिले, तर काचेआड हे ते चाक असे धरून बसले होते, जसे कोणी दुसऱ्याचे तान्हे मूल मांडीवर दिले असावे.

गाडी हलेना. हलेना, आणि मग एकाएकी चिखलातून सुटली आणि आमच्याच अंगावर धावत आली. मी ओढ थांबवली नव्हती. तेव्हा खिडकीतून डोके काढून हे ओरडले, "हळू वं, मनकर्णे!"

वडिलांदेखत बायकोला नावाने हाक! मागचे सगळे गडी हसले. सेठ हसले. मामंजी फेटा सावरत दुसरीकडे पाहू लागले. मी चिखलात उभी राहून लाजेने तांबडी झाले आणि मनात मात्र ती हाक घट्ट बांधून ठेवली.

तोवर दिवेलागण झाली होती. ड्रायव्हर आत बसला, इंजिन असे गरजले की दारातले बैल माना ताठ करून उभे राहिले. आणि मग त्या जाळीच्या दोन्ही टोकांचे पडदे हळूच आत वळले आणि दिवे उघडले. गाडीने डोळे उघडले. हे रस्त्याच्या कडेला उभे होते, हाताला चाकाचा वास लागलेला. मागचे तांबडे दिवे दिसेनासे झाले तरी ते तिथेच उभे होते. त्या चाकामागे ते बसले, पण ती गाडी त्यांनी चालवली नाही. चालवली ती आम्ही, दोराने.

त्यानंतर ह्यांनी कधी त्या गाडीचे नाव काढले नाही. तसे ह्यांनी कधी कशाचेच नाव काढले नाही. जे वाढले ते खाल्ले, जे शिवून आणले ते घातले. घरात काय घ्यायचे, कधी घ्यायचे, हे मी ठरवत आले आणि हे "ठीक हाय" म्हणत आले. एवढ्या वर्षांत माझ्याकडे किंवा कोणाकडे ह्यांनी मागितलेली ही पहिली वस्तू होती.

मी सांगत असतानाच संस्कृतीने मोबाईलवर शोध चालवला होता. "जांभळी, अन् दिवे झाकलेले... आजी, हे पाह्य. चार्जर नावाची गाडी हाय! आबाजी, हेच काय?"

ह्यांनी उजवा हात उचलला. डावा नव्हे. तो थरथरत पुढे आला आणि एक बोट त्या चित्रावर टेकले.

"मंग लाव ते गाडी," मी म्हणाले.

"लावता येत नाही ना आजी. कुलूप हाय तिले. एक लांब शर्यत हाय, ते जिंकली तरच भेटते."

"इकत घे."

"इकत नाही भेटत. जिंकाच लागते."

"बनवनाऱ्याले फोन लाव. म्हना, घरात मानूस बिमार हाय, गाडी सोडा."

"आजी, तो जपानात असन नाहीतं अमेरिकेत. मले कुठं त्याची भाषा येते?"

"आपली त्याले येत नसन, तं तो त्याचा दोष," मी म्हणाले. पण फोन लागला नाही.

अडचण पुढेच होती. चित्र पाहिल्यापासून ह्यांनी दुसऱ्या कोणत्याही गाडीला हात लावायचे सोडले. पोरगी लाल गाडी काढायची, पिवळी काढायची. हे दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे पाहत बसायचे. मागायला एवढी वर्षे लागलेल्या माणसाने एकदा मागितले की तो दुसरे काही घेत नाही, हे मला उमगले. इकडे दिवस जात होते. मॅडम येऊन मनगट वाकवून पाहत आणि चेंडू पुन्हा हातात देत.

तेव्हा मी संस्कृतीला हुकूम दिला. "ते शर्यत जिंक."

तनुजा भीत भीत म्हणाली, "आत्याबाई, बारावी हाय तिची."

"बारावी माह्याकडं ठेव. सकाळी चारला उठवून मी बसवतो तिले पुस्तकाले."

आणि बसवले. सकाळी अभ्यास, दुपारी सराव. शर्यत इतकी लांब की जेवून बसले तर ऊन उतरेपर्यंत संपायची नाही. कधी गाडी वळणावर घसरायची, कधी शेवटच्या फेऱ्यांत टायर जायचे. हे मागे खुर्चीत बसून पाहत. पोरगी हरली की तिच्या पाठीवर डावा हात ठेवत.

एका रविवारी मी सोमवारच्या बाजाराची वांगी निवडून घ्यायला मळ्यात गेले होते. परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला, आणि नेहमीप्रमाणे एकेका खोलीतून निघाले. स्वयंपाकघरातला रेडिओ तनुजाने आधीच बंद केला होता. मधल्या खोलीत पडदा चालू दिसला. मी दाराशेजारच्या बोर्डावर हात ठेवला आणि बटण खाली केले. इतक्या वर्षांत माझा हात हे काम माझ्याआधीच करतो.

"आजी!"

पोरगी उभी राहिली. तोंडावर हात. "आखरीचा फेरा होता, आजी! मी पह्यली होती! पह्यली!"

"पुन्हा लाव मंग. जिथं होती तिथून."

"तसं नाही होत! हे शर्यत थांबत नाही. बंद केली का गेली. सारी गेली." ती रडू लागली.

मी ह्यांच्याकडे पाहिले. आजारपणानंतर प्रथमच हे उशीला न टेकता, खुर्चीच्या कडेला ताठ बसले होते. काळ्या पडद्याकडून त्यांची नजर माझ्याकडे वळली. तिच्यात राग असता तर मी तो सहन केला असता. काही मागितले की शेवटी असेच होते, हे जणू त्यांना आधीपासून ठाऊक होते, अशी ती नजर होती. मग ते सावकाश मागे टेकले.

"दिवा लागला हाय," मी म्हणाले. "हात जोडा."

सर्वांनी जोडले. लकव्यानंतर हे डाव्या हाताने उजवा उचलून त्याला जोडत असत. त्या संध्याकाळी त्यांनी तो उचलला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. भिंत आणि हे. संस्कृती खेळाला हात लावीना. मॅडम म्हणाल्या, "बोटं पुन्हा आखडली आहेत, आजी. काय झालं?" मी त्यांना चहा पाजला.

देवघरात वात वळत बसले की मामंजी आठवत. ज्या माणसाने पोळ्याच्या दिवशी सेठाला बैल दिला नाही, त्यानेच सेठाला वाटेत सोडलेही नाही. बैलाचा मान बैलाला दिला आणि ओढायला घरची सून लावली. मी त्यांचा नियम एवढी वर्षे सांभाळला आणि त्यांची ही दुसरी रीत विसरले.

शनिवारी रात्री जेवताना मी सर्वांना कामे वाटून दिली. "उद्या दुपारी शर्यत हाय. अंकुर, मळ्यातली मोटार बंद ठेवजो, विजेचा दाब कमी नाही झाला पाह्यजे. तनुजा, मधल्या खोलीत कोनी याचं नाही, गेलं तं बोलाचं नाही. अन् लखीरामले मी सांगतो."

लखीराम आमचा बांधशेजारी. त्याची मोटार चालली की आमचे दिवे मंदावतात. तो कुंपणापलीकडून ओरडला, "काकू, कांद्याले पानी द्याचं हाय ना मले!"

"कांदा सोमवारी पेईन."

"काहून पन?"

"शर्यत हाय."

"कोनाची वं काकू?"

"आमची."

तो डोके खाजवत उभा राहिला, पण मोटार लावली नाही.

संस्कृती तयार होत नव्हती. "आजी, पुन्हा दिवेलागन होईन. तू पुन्हा बंद करशीन."

"बस," मी म्हणाले. "तू तुहं काम कर, मी माहं करतो."

मी स्वतः ह्यांना उठवून खुर्चीत बसवले. हे आले ते माझ्या हाताला धरून, मनाने नव्हे. पोरगी चाकामागे बसली. शर्यत सुरू झाली. मी शेजारी बसून दाण्याच्या शेंगा सोलत होते. मला त्यातले काही कळत नव्हते, पण पोरीच्या मानेवरून गाडी पुढे आहे की मागे, हे कळे. मागे असली की मान खांद्यात जाई. मधे एकदा मी म्हणाले, "त्या निळ्या गाडीले वाट काहून दिली?" तर ती न वळता म्हणाली, "आजी, बोलू नोको." मी पुन्हा शेंगा सोलू लागले. ह्यांनी माझ्याकडे तिरके पाहिले. मला असे कोणी गप्प केलेले त्यांनी बहुधा प्रथमच पाहिले असावे.

खिडकीतले ऊन टेबलावरून भिंतीवर गेले, भिंतीवरून निघून गेले. गायी परतल्या. दिवेलागण झाली.

मी उठले. खोलीतले सगळे माझ्या हाताकडे पाहू लागले. दारातून अंकुर, त्याच्यामागून तनुजा. संस्कृतीची नजर पडद्यावर होती, पण तिचे खांदे ताठरले. मी बोर्डाजवळून पुढे गेले, देवघरातला दिवा उचलून आणला आणि टीव्हीशेजारच्या स्टुलावर ठेवून तिथेच लावला.

"आज दिवा इथं," मी म्हणाले. "देवाले दिसते सारं. तू चाक सोडू नोको, हात मनात जोड."

आणि मी उभ्याने शुभंकरोति म्हणू लागले. अंकुर म्हणाला, तनुजा म्हणाली. चाक फिरवता फिरवता पोरगीही पुटपुटली. ते संपले तेव्हा दोन फेरे उरले होते. आम्ही सगळे दिव्याभोवती तसेच उभे राहिलो. निळी गाडी एकदा आमच्या शेजारी आली, मागे पडली. मग पडद्यावर कागदाचे रंगीत तुकडे उडाले आणि पोरगी खुर्चीतून उडी मारून माझ्या गळ्यात पडली. मला तसे केलेले चालत नाही. त्या दिवशी चालले.

"आबाजी, पाहा!"

पडद्यावर अंधार झाला, आणि त्या अंधारातून ती आली. पिकल्या जांभळाचा रंग, लांब नाक, काळी जाळी. डोळे मिटलेली. संस्कृतीने एक बटण दाबले. जाळीच्या दोन्ही टोकांचे पडदे सावकाश आत वळले आणि दिवे उघडले. इकडे स्टुलावर आमचा दिवा, तिकडे तिचे दोन.

ह्यांच्या घशातून आवाज आला, पण शब्द झाला नाही. पोरीने झटपट खुर्च्या बदलल्या. ह्यांचे हात चाकावर ठेवले, डावा स्वतःहून बसला, उजवा तिने बसवला आणि बोटे मिटवली.

"आपोआप चालाले लावतो, थांबा..."

"नाही," हे म्हणाले. शब्द नीट आला. त्यांनी खाली पाहिले. उजवा पाय पेडलाकडे सरकू पाहत होता. सरकला, पेडलावर टेकला, आणि तिथेच राहिला. दाबायला त्यात बळ नव्हते. पुन्हा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. गाडी नुसती गुरगुरत उभी.

संस्कृती म्हणाली, "आबाजी, दाबा ना... थोडंसं..."

ह्यांची मान खाली जाऊ लागली. ती मान मी ओळखते. तिच्यापुढे 'ठीक हाय' येतो.

मी पदर कमरेला खोचला, पाट ओढला आणि टेबलाखाली बसले. आजवर सणावाराला त्या पायांना मी हात लावत आले, तो नमस्काराला. आज मी त्या पावलावर तळहात ठेवला. पाऊल थंड होते. आणि मी दाबले.

गाडी गरजली. टेबल थरथरले, स्टुलावरचा दिवा थरथरला. टेबलाखालून मला पडदा दिसत नव्हता. फक्त ह्यांचे गुडघे दिसत होते आणि वर चाकाची कड, आणि त्या कडेवर उजव्या हाताची बोटे, जी आता कोणी धरून ठेवलेली नव्हती. चाक डावीकडे गेले, बोटे गेली. उजवीकडे आले, बोटे आली. संस्कृती टाळ्या वाजवत होती. "वळन हाय, आबाजी, वळन! आजी, कमी कर!"

मला कमी करायची सवय नाही. मी आणखी दाबले. वर गाडी कुठेतरी घासली, किंचाळली, पुन्हा सुटली, आणि तेव्हा माझ्या डोक्यावरून आवाज आला. जाड झालेला, अडखळता, पण एकही अक्षर न हललेला.

"हळू वं, मनकर्णे!"

दारात अंकुर हसला. पदराआड तनुजा हसली. ह्या वयात पोराबाळांसमोर नावाने हाक! मी टेबलाखाली होते हे बरेच झाले.

आयुष्यात मी फार थोड्यांचे ऐकले आहे. हात सैल केला. तळव्याखालचे पाऊल मात्र वर आले नाही. ते तसेच खाली राहिले, आपल्याच जोराने, आणि गाडी तशीच धावत राहिली.